९४ वर अडकलेलं नेट

प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण नेट ९४ च्या पुढे सरकेना. कस्टमर केअरचं एकच पालुपद: "सर, राउटर रिस्टार्ट करा." वैतागून जुन्या पीसीत एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली. विंडोज झटकन उघडू लागलं, नेट तिथंच! (टाकायला हवीच होती म्हणा.)

मग सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे पीसी आणि राउटरमधल्या जोडणीचा वेग, पाहिला: १००/१०० एमबीपीएस. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) लॅन केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. टेबल सरकवलं, तर त्याच्या पायाखाली केबल चेपून चपटी झालेली. नवी कॅट-६ केबल लावली, नेट १९० च्या वर.

पावसात फायबरच्या डब्यावरचा एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल होतो, ते दुखणं मात्र कंपनीचंच. आता तक्रारीसोबत दिव्याचा फोटोच पाठवतो.