डेट्रॉइट नदीतले वॉलआय आणि पर्च : वसंताच्या तोंडावर गळ कसा टाकावा

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या डेट्रॉइट नदीला नदी म्हणण्याची पद्धत असली, तरी ती खरे पाहता दोन सरोवरांना जोडणारी सामुद्रधुनी आहे. सेंट क्लेअर सरोवराचे पाणी ती ईरी सरोवरात आणून सोडते आणि काठावरच्या डेट्रॉइट शहराच्या मूळ फ्रेंच नावाचा अर्थही सामुद्रधुनी असाच आहे. बर्फ फुटला की ईरी सरोवरातले वॉलआय मासे अंडी घालण्यासाठी याच वाटेने वर चढतात, आणि त्यांच्या मागोमाग यलो पर्च काठालगतच्या उथळ, संथ पाण्यात जमू लागतात. मार्चचा मध्य ते मेचा पहिला आठवडा एवढाच हा काळ असतो. रॉड, रीळ, लाइफ जॅकेट आणि बोट वापरण्याची प्राथमिक माहिती वाचकाजवळ आहे, असे मी गृहीत धरते. ज्या एका गोष्टीने माझे दोन वसंत ऋतू वाया गेले, तिच्याविषयी, म्हणजे वाहत्या पाण्यात बोट हाताळून दोरी उभी ठेवण्याविषयी, मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तिच्याबद्दल दिला जाणारा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो.

दिवस निवडणे

तारखेकडे पाहू नये, पाण्याचे तापमान पाहावे. पाणी ४० अंश फॅरनहाइटच्या (साधारण साडेचार अंश सेल्सिअस) वर गेले की वॉलआय आमिषाकडे लक्ष देऊ लागतात आणि ४२ ते ५० अंशांच्या दरम्यान त्यांचा अंडी घालण्याचा भर असतो. पर्चला याहून किंचित ऊबदार पाणी लागते. तापमानाइतकाच पाण्याचा स्वच्छपणा महत्त्वाचा आहे. सेंट क्लेअर सरोवरावर जोराचा वारा झाला की गाळ ढवळला जातो आणि तो खालच्या अंगाला यायला फार वेळ लागत नाही. जिग, म्हणजे शिसाच्या गोळीत बसवलेला गळ, पाण्यात सोडल्यावर तो हातभर खोलीपर्यंतही दिसत नसेल, तर वॉलआयचे डोळे अंधुक उजेडासाठी घडलेले असूनही त्याला आमिष सापडत नाही. अशा दिवशी घरी राहावे किंवा निदान स्वच्छ पाण्याची कड शोधत फिरावे. मार्चमध्ये वरच्या सरोवरातून सुटलेले बर्फाचे तुकडे वाहत येतात, तेव्हाही पाण्यात उतरू नये.

परवान्याच्या बाबतीत एक चूक अनेकांकडून होते. मिशिगन या अमेरिकी राज्याचा मासेमारी परवाना ३१ मार्चला संपतो आणि नवा १ एप्रिलला सुरू होतो, म्हणजे हा हंगाम चालू असतानाच. शिवाय नदीच्या मधून अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा जाते. पलीकडच्या पाण्यात गळ टाकायचा असेल, तर कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताचा परवाना लागतो. मिशिगनच्या बाजूला १५ इंचांहून लहान वॉलआय ठेवता येत नाही आणि माणशी दिवसाला सहा ही मर्यादा आहे. हे नियम बदलू शकतात, तेव्हा त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहूनच निघावे.

साहित्य

साडेसहा फुटांच्या आसपासचा, टोकाला तरतरीत असा रॉड. न ताणली जाणारी विणलेली बारीक दोरी आणि तिच्या टोकाला तीन-चार फूट फ्लुओरोकार्बनच्या एकसंध, घासाला टिकणाऱ्या दोरीचा तुकडा. हा तुकडा वगळू नये. १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात पहिल्यांदा आढळलेले झेब्रा शिंपले आता नदीच्या तळावरही आहेत आणि त्यांच्या धारदार कडांवर विणलेली दोरी घासली की क्षणात तुटते. जिग पाऊण औंस आणि पाच अष्टमांश औंस या वजनांचे घ्यावेत. आमिषाला जिवंत मिनो मासा किंवा लांब शेपटीचा रबरी किडा, आणि त्यामागे छोटा तिहेरी गळ. रंगांवर तासन्तास चर्चा चालतात. माझ्या पेटीत तीन रंग असतात आणि चौथ्याची गरज मला कधी पडलेली नाही.

बोट आणि दोरी

आता मूळ मुद्दा. या नदीत वॉलआय उभ्या दोरीने धरला जातो. बोट प्रवाहासोबत वाहत जाते आणि जिग तिच्या बरोबर खाली, तळापासून सहा-आठ इंचांवर उचलला आणि सोडला जातो. ऐकायला हे सोपे आहे. पहिल्या वर्षी मला सांगण्यात आले होते की, बोटीचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध ठेवावे, बोटीच्या पुढच्या टोकाला लावलेल्या विजेच्या मोटरने बोट एका जागी धरून ठेवावी आणि जिग तळाला टेकत नसेल तर आणखी जड लावावा. मी तसेच केले. वीस फूट पाण्यात माझी पस्तीस फूट दोरी बाहेर असायची, ती तिरपी होऊन प्रवाहासोबत लांब जायची, जिग दगडांत अडकायचा, आणि दिवसाकाठी मी डझनभर जिग नदीला अर्पण करून परतायचे. माझ्यापासून पन्नास फुटांवरच्या बोटी मात्र मासे काढत असायच्या.

दुसऱ्या वसंतातल्या एका सकाळी, नदीच्या ट्रेंटन चॅनल या फाट्यात, मोटरची बॅटरी उतरली. वारा अजिबात नव्हता. बोट नुसती पाण्यासोबत वाहू लागली आणि हातातला रॉड आवरावा म्हणून मी दोरी गुंडाळायला लागले, तेव्हा दिसले की ती ओळंब्यासारखी सरळ खाली उतरली आहे. जिग तळाला टेकला तेव्हा बोटाला स्वच्छ ‘टक्’ असे जाणवले. त्याआधीच्या दीड वर्षात तळ इतका स्पष्ट मला कधी कळला नव्हता. तिसऱ्या उचलीला जिग जड झाला. त्या सकाळी वीस मिनिटांत तीन वॉलआय बोटीत आले आणि मोटर बंद पडेपर्यंत मी तीच वापरून सगळे बिघडवत होते, हे मला कळून चुकले.

कारण असे आहे. बोटीला दोन गोष्टी ढकलतात, पाणी आणि वारा. पाणी जिगलाही ढकलते, वारा मात्र फक्त बोटीला. वारा नसेल तर बोट आणि जिग जवळपास एकाच वेगाने जातात आणि दोरी आपोआप उभी राहते. म्हणजे मोटरचे काम प्रवाहाशी झगडण्याचे नाही. वाऱ्याने बोटीला दिलेला जास्तीचा धक्का तेवढा तिने काढून टाकायचा असतो. म्हणून बोटीचे तोंड नेहमी वाऱ्याकडे ठेवावे, प्रवाह कुठल्याही दिशेला असो. नदीच्या खालच्या भागात पाणी दक्षिणेकडे जाते. उत्तरेचा वारा असेल तर बोट पाण्याहून वेगाने पळते, तेव्हा तोंड उत्तरेला करून तिला मागे खेचावे लागते. दक्षिणेचा वारा असेल तर बोट पाण्यामागे रेंगाळते, तेव्हा तोंड दक्षिणेला करून तिला प्रवाहाच्या दिशेनेच पुढे ढकलावे लागते. हे दुसरे करताना नवख्या माणसाला फार विचित्र वाटते, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात.

प्रत्यक्षात इतका विचार करायला वेळ नसतो, म्हणून एक नियम लक्षात ठेवावा : दोरी पाण्यात जिकडे झुकलेली दिसेल, तिकडे बोट न्यावी. दोरी डावीकडे गेली, तर मोटरचा एक छोटा दाब डावीकडे. ती सरळ झाली की दाब सोडावा. मोटर सतत चालू ठेवून चालत नाही. थोडी चालवायची, थांबायचे, पाहायचे, पुन्हा थोडी चालवायची. सुरुवातीचा एक पूर्ण दिवस मासा मिळो वा न मिळो, फक्त यासाठी द्यावा. नजर रॉडच्या टोकावर ठेवू नये, मित्राच्या बोटीवर तर मुळीच नाही. दोरी जिथे पाण्यात शिरते तो एक बिंदू पाहत राहावे.

जड जिगविषयीचा सल्ला मी ठामपणे नाकारते. दोरी तिरपी असताना जड जिग लावला, तर जिग तळाला टेकतो खरा, पण दोष झाकला जातो आणि माशाची चाहूल हाताला लागत नाही. पंधरा ते पंचवीस फूट पाण्यात पाऊण औंसात तळ सापडत नसेल, तर चूक बोटीच्या हाताळणीत आहे. फक्त सोसाट्याच्या वाऱ्यात मी एक औंसाचा लावते, आणि तेव्हाही घरी जाण्याचा विचार मनात येतोच.

हाताचे काम

कोकणात खाडीकाठी गरवणाऱ्याच्या तर्जनीवर दोरी असते आणि डोळे मिटूनही त्याला चिखल, वाळू आणि दगड वेगळे सांगता येतात. इथे तेच बोट हवे. जिग तळाला टेकवावा, सहा ते आठ इंच उचलावा, आणि खाली जाताना दोरी सैल न सोडता त्याच्यासोबत रॉडचे टोक खाली न्यावे. प्रत्येक वेळी तळ लागलाच पाहिजे. फूटभर हिसके देणारे लोक मी दरवर्षी पाहते. थंड पाण्यातला वॉलआय सुस्त असतो, तो उड्या मारणाऱ्या आमिषामागे धावत नाही.

वॉलआय आमिष बहुधा ते खाली जात असताना तोंडात ओढून घेतो. त्यामुळे झटका बसेल म्हणून वाट पाहणाऱ्याचे अर्धे मासे निसटतात. पुढची उचल करताना जिगला ओले फडके अडकल्यासारखे जडपण येते, किंवा जिथे तळ लागायला हवा तिथे तो लागत नाही, दोरी मध्येच ढिली पडते. दोन्हींचा अर्थ एकच घ्यावा आणि मनगटाने रॉड वर ओढावा. तळच उंच आला असेल, तर नुकसान काही नाही. मिनो परत येताना त्याच्या शेपटीकडचा भाग फाटलेला दिसला, तर मासा आखूड चावतो आहे. अशा वेळी मागचा छोटा गळ आमिषात आणखी मागे बसवावा.

जिग अडकला तर जागेवरून ओढू नये. बोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला नेऊन उलट दिशेने हलकेच झटकावे, बहुतेक वेळा सुटतो. मासा वर आला की जाळे पाण्यात आधीच बुडवून ठेवावे आणि डोक्याकडून घ्यावा. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, तिथे बोट घालू नये.

जागा

शिकण्यासाठी ग्रोस ईल बेटाच्या पश्चिमेचा ट्रेंटन चॅनल चांगला, कारण मोठी मालवाहू जहाजे बेटाच्या दुसऱ्या बाजूने जातात. वरच्या सरोवरांतून जहाजे खाली आणणारे सू लॉक्सचे दरवाजे २५ मार्चला उघडतात आणि त्यानंतर मुख्य वाटेवर हजार फुटांपर्यंत लांबीची जहाजे दिसू लागतात. त्यांना वळता येत नाही आणि थांबता येत नाही. दोरीकडे पाहत राहा, असे मी वर म्हटले आहे, पण मुख्य वाटेच्या जवळ असताना बोटीत एका माणसाने फक्त जहाजांवर लक्ष ठेवावे. वायंडॉट आणि ट्रेंटन या काठावरच्या गावांच्या धक्क्यांवरून बोट उतरवता येते. एप्रिलमधल्या शनिवारी शेकडो बोटी एकाच पट्ट्यातून वाहत जातात. तेव्हा आपला पट्टा संपला की इतरांच्या मधून वर न जाता बाजूने लांब वळसा घेऊन परत वर जावे. लाइफ जॅकेट अंगावर हवे, बाकाखाली नको; सहा-सात अंश सेल्सिअसच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांतच काम देईनासे होतात.

पर्च

पर्च सोपा आहे. काठालगतचे कालवे आणि बोटी लावण्याचे संथ कोपरे मुख्य प्रवाहाच्या आधी तापतात. उन्हाच्या दुपारी तिथे सहा ते दहा फूट पाण्यात तळाशी शिसे आणि त्यावर दोन छोटे गळ लावून बारीक मिनो सोडावा. पर्च दिवसा, डोळ्यांनी पाहून खातो, म्हणून पहाटेची घाई इथे उपयोगाची नाही. एक लागला की तिथेच थांबावे, कारण ते थव्याने असतात. पंधरा मिनिटांत काहीच हालचाल नसेल तर दुसरा कोपरा शोधावा. पाठीवरचा काटेरी पर हातात घुसतो, म्हणून मासा डोक्याकडून मागे हात फिरवत धरावा. पोटात अंडी असलेल्या मोठ्या माद्या मी परत सोडते. कायदा तसे सांगत नाही, पण झुडपांवर आणि पाणवनस्पतींवर चिकटलेल्या जाळीदार अंड्यांच्या लांब पट्ट्या एकदा जवळून पाहिल्यापासून त्या माद्या ठेववत नाहीत. मोठ्या वॉलआय माद्यांनाही मी हाच न्याय लावते.

घरी आणल्यावर

या नदीने कारखान्यांची घाण अनेक दशके सोसली आहे; माशांत पारा सापडल्यामुळे १९७० मध्ये सेंट क्लेअर सरोवर आणि या नदीतल्या मासेमारीवर बंदी आली होती. पाणी त्या मानाने आज पुष्कळ सुधारले आहे, तरी पारा आणि पीसीबी ही रसायने माशांत अजून आढळतात आणि मोठ्या, वयस्क माशांत ती जास्त साठतात. मिशिगन राज्याचा आरोग्य विभाग कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याचा तक्ता प्रसिद्ध करतो. तो पाहावा, आणि लहान मुले व गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत तो काटेकोरपणे पाळावा. १५ ते १८ इंचांचा वॉलआय खाण्यासाठी उत्तम. पीसीबी चरबीत साठतात, म्हणून कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकावी. पारा मांसातच असतो, तो अशाने कमी होत नाही. दोन्ही मासे पांढरे, घट्ट आणि कमी वासाचे असल्यामुळे त्यांना आले-लसणाचे जाड वाटण लावू नये. मीठ, हळद, थोडे तिखट आणि कोकमाचे आगळ लावून वीस मिनिटे ठेवावे आणि बारीक रव्यात घोळवून तव्यावर तळावे. पर्चचे तुकडे पातळ असतात, त्यांना एका बाजूला दोन मिनिटे पुरतात. उरलेले मिनो नदीत सोडू नयेत, कचऱ्याच्या डब्यात टाकावेत, आणि धक्का सोडण्यापूर्वी बोटीतले सगळे पाणी काढून टाकावे, कारण या सरोवरांतले माशांचे रोग आणि परके शिंपले एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात याच मार्गाने जातात.