बोटीवरच्या रॉड होल्डरमधलं पाणी बोटीच्या पोटात जाऊ नये म्हणून काय करावं

बोटीच्या काठात मासे पकडायचे रॉड उभे ठेवायला ज्या नळ्या बसवलेल्या असतात, त्यांत पाणी जाणारच. तोंड वरच्या बाजूला उघडं, शेजारून उडणारे तुषार, आणि परत आल्यावर बोट धुताना मारलेला फवारा. म्हणून विचार करायचा तो नळीत शिरलेलं पाणी पुढे कुठे जातं याचा. ते सरळ बोटीबाहेर पडत असेल तर काही बिघडत नाही. काठाखालच्या पोकळीत उतरत असेल किंवा होल्डरच्या कडेखालून फायबरग्लासच्या दोन थरांमधल्या गाभ्यात झिरपत असेल, तर नुकसान सुरू झालेलं असतं आणि ते बरेच दिवस नजरेस पडत नाही.

बहुतेक जण आधी रबरी टोपणं आणतात. माझ्या मते टोपण हे सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी पाण्याला बाहेरची वाट, मग कडेचं सील, आणि ही दोन्ही नीट झाली की टोपण. हा क्रम उलटा केला तर गळती तशीच राहते, फक्त झाकली जाते.

पावसाला मात्र उगाच दोष देऊ नका. 40 मिमी रुंद तोंडाच्या नळीत 100 मिमी पाऊस थेट पडला तरी साधारण 125 मिली पाणी साचतं. खरी भर पडते ती काठावरून वाहत येऊन कडेशी जमणाऱ्या पाण्याची, लाटेच्या शिडकाव्याची आणि धुण्याच्या पाण्याची. कडेशी तळं होत असेल तर नळीचं तोंड छोटं असूनही ती मोरीचं काम करते.

आधी होल्डर कोणत्या प्रकारचा आहे ते बघा

काठाखाली हात किंवा टॉर्च जाईल अशी जागा शोधा. बाजूच्या कप्प्यातून किंवा तपासणीच्या झाकणातून नळीचा खालचा भाग सहसा दिसतो. तिथे तीनपैकी एक गोष्ट आढळेल. नळीचा तळ पूर्ण उघडा असेल, पूर्ण बंद असेल, किंवा बंद तळाला छोटं तोंड काढून त्यावर निचऱ्याची नळी चढवलेली असेल. उघड्या तळाच्या नळीत वरून पडलेला प्रत्येक थेंब बोटीच्या पोटात जातो. तिथे वायरी असतात, स्विचच्या पाठी असतात, कित्येकदा इंधनाच्या नळ्याही असतात. मग ते पाणी तळाशी जमतं, पंप पुन्हा पुन्हा चालू होतो आणि उभ्या बोटीची बॅटरी उतरते.

तिसऱ्या प्रकाराचा होल्डर असला तरी निर्धास्त होऊ नका. निचऱ्याची नळी तोंडावरून निसटून बाजूला लोंबत असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

गळती नेमकी कुठून, हे दोन टप्प्यांत तपासा

ही चाचणी घाईत करू नका. पुढचं सगळं काम तिच्यावर ठरतं. पाण्यात खाण्याचा रंग मिसळा. खाली, नळीभोवती आणि होल्डरच्या कडेच्या बरोबर खाली, कोरडे कागदी रुमाल चिकटपट्टीने लावा.

पहिल्या टप्प्यात नरसाळ्याने पाणी फक्त नळीच्या आत सोडा, कड ओली होऊ देऊ नका. खालचा कागद रंगला तर दोष नळीत, तिच्या जोडात किंवा निचऱ्याच्या नळीत आहे. कागद कोरडा राहिला तर दुसरा टप्पा. नळीचं तोंड बोळ्याने बंद करा, होल्डरच्या कडेभोवती खेळण्यातल्या मऊ मातीची बारीक भिंत घाला आणि आतल्या रिंगणात पाणी भरून अर्धा तास थांबा. आता कागद रंगला तर पाणी कडेखालून किंवा स्क्रूच्या भोकांतून जातंय. एका वेळी एकच होल्डर तपासा, नाहीतर कोणतं पाणी कुठून आलं ते कळणार नाही.

जोडीला आणखी एक तपासणी करा. प्लॅस्टिकच्या हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने होल्डरभोवतीचा काठ हलके ठोका. कोरडा, घट्ट भाग खणखणीत वाजतो. गाभा भिजून सुटा झाला असेल तर आवाज बद्द येतो. तो कुठवर येतो तिथे पेन्सिलने खूण करा.

होल्डर काढणं

स्क्रू काढल्यावर होल्डर लगेच हाती येईल असं समजू नका, जुनं सीलंट (फट बुजवायला लावलेला चिकट पदार्थ) धरून ठेवतं. खाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलात तर जेलकोटचे (फायबरग्लासवरच्या चकचकीत बाहेरच्या थराचे) टवके उडतात आणि एक काम वाढतं. मजबूत, बारीक नायलॉनची ओढ (गळाची दोरी) कडेखाली सरकवा आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखी पुढेमागे ओढा. हातमोजे घाला, ओढ बोटं कापते. सीलंट फारच चिवट असेल तर हॉट एअर गनची मंद ऊब द्या, पण एका जागी रोखून धरू नका.

होल्डर निघाला की भोकाच्या कापलेल्या कडेकडे बघा. वर आणि खाली फायबरग्लासचे थर, आणि मध्ये प्लायवूड, बाल्सा लाकूड किंवा फोम दिसेल. काही बोटींमध्ये काठ सलग फायबरग्लासचा असतो. तसं असेल तर पुढचा भाग सोडून थेट सीलंटकडे जा.

उघडा गाभा बंद करणं

लाकडाचा गाभा उघडा असेल तर केवळ कडेच्या सीलंटवर विसंबू नका. रॉडला मासा लागला की होल्डरवर मोठा ताण येतो, कड किंचित हलते आणि कितीही चांगलं सीलंट कधी ना कधी सुटतं. सुटल्यावर पाणी गाभ्यापर्यंत पोचता कामा नये, म्हणून गाभ्याला स्वतंत्र कवच हवं.

वरच्या आणि खालच्या थराला धक्का न लावता मधलं लाकूड चारी बाजूंनी 10 ते 12 मिमी आतपर्यंत कोरून काढा. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये बसवला तर हे काम सोपं होतं. डोळ्यांवर चष्मा असू द्या. लाकूड ओलं निघालं तर भोक उघडंच ठेवून वाळू द्या, पंख्याचा झोत सोडा. ओल आत ठेवून वरून ईपॉक्सी (मिसळल्यावर कडक होणारी राळ) भरणं म्हणजे कुजण्याला संरक्षण देणं आहे. काळं, भुसभुशीत लाकूड हाताच्या पंजापेक्षा जास्त आत पसरलेलं असेल तर वरचा थर उघडून गाभा बदलावा लागतो. ते फायबरग्लासच्या कारागिराचं काम आहे.

कोरड्या खाचेला आधी पातळ ईपॉक्सी ब्रशने लावा, म्हणजे ते लाकडात मुरतं. ते चिकट असतानाच कोलॉइडल सिलिका (दाटपणा आणणारी बारीक पूड) घालून घट्ट केलेलं, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट ईपॉक्सी खाचेत दाबून भरा. हवेचे फुगे राहू देऊ नका. पूर्ण कडक झालं की पॉलिश पेपरने घासून भोक मूळ मापाचं करा. घासताना मास्क हवाच. ईपॉक्सीची भुकटी फुप्फुसांना आणि कातडीला त्रास देते.

स्क्रूच्या भोकांनाही हीच वागणूक द्या. ती थोडी मोठी करून ईपॉक्सीने भरा आणि कडक झाल्यावर मधोमध नवं भोक पाडा. वरच्या तोंडाशी काउंटरसिंकने (भोकाचं तोंड शंकूसारखं रुंद करणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) जेलकोट किंचित तिरका कापा. याने दोन फायदे होतात. स्क्रू आवळताना जेलकोटला चिरा जात नाहीत आणि त्या वाटीत सीलंटचं कडं तयार होतं. खाली हात पोचत असेल तर स्क्रू सोडून आरपार बोल्ट घाला आणि खाली मोठे वॉशर किंवा सलग पट्टी द्या. होल्डर जितका कमी हलेल तितकं सील टिकेल.

सीलंट कोणतं

सिलिकॉन टाळा, असं मी ठामपणे सांगेन. ते जिथे लागतं तिथे अदृश्य थर सोडतं आणि नंतर त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. पॉलियुरेथेन चांगलं, पण त्यात कायमची पकड देणारे आणि नंतर काढता येणारे असे दोन्ही प्रकार येतात. होल्डर पुढेमागे काढायची वेळ येतेच, तेव्हा काढता येणारा प्रकार घ्या. होल्डर प्लॅस्टिकचा असेल तर पॉलिसल्फाइडपासून सावध राहा, काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकतात. ब्यूटिलची (चिकट रबराची) पट्टी सतत मऊ राहते, हलणाऱ्या कडेला ती फार छान साथ देते आणि काम चुकलं तर काढून पुन्हा लावता येते. बोल्टने बसवलेल्या धातूच्या होल्डरला मी तीच निवडेन.

दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घ्या. प्लॅस्टिकच्या होल्डरवर मात्र ॲसिटोन वापरू नका, त्याला स्पिरिट ठीक. सीलंटचं अखंड कडं भोकाभोवती द्या आणि प्रत्येक बोल्टभोवती वेगळं कडं द्या. मग एकदम करकचून आवळू नका. चहूबाजूंनी सीलंट बारीक बाहेर येईल इतकंच आवळा आणि ते वाळू द्या. वाळलं की शेवटचा पाव फेरा द्या, म्हणजे मधे रबरासारखी दाबलेली चकती तयार होते. सुरुवातीलाच पूर्ण आवळलं तर सगळं सीलंट बाहेर ढकललं जातं आणि कडेखाली काही उरत नाही. शेवटचा फेरा देताना बोल्ट वरून धरून ठेवा आणि नट खालून फिरवा, बोल्ट फिरला तर त्याभोवतीचं सील तुटतं. ब्यूटिल वाळत नाही, त्यामुळे ते दोन-तीन दिवस थोडं थोडं आवळत न्यायचं.

पाण्याला बाहेरची वाट

उघड्या तळाचा होल्डर असेल तर निचऱ्याचं तोंड असलेला बंद तळाचा होल्डर बसवणं सगळ्यात बरं. ते शक्य नसेल तर नळीच्या खालच्या टोकाला निचऱ्याचं तोंड असलेलं रबरी टोपण क्लॅम्पने आवळून बसवा. नळी पॉलिएथिलीनची असेल तर ते टोपण चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका, या प्लॅस्टिकला डिंक धरत नाही. तिथे क्लॅम्पचाच भरवसा.

निचऱ्याची नळी आतून 12 ते 16 मिमीची घ्या. त्याहून बारीक असेल तर खवले, ओढीचे तुकडे आणि आमिषाचा चुरा अडकून बसतो. साध्या पारदर्शक नळीपेक्षा आत जाळी असलेली नळी घ्या, साधी नळी उन्हात कडक होते आणि वळणावर मोडते. सगळीकडे उतार हवा. मध्ये कुठे झोळ पडला तर तिथे पाणी आणि गाळ साचतो, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर नळी क्लिपने बांधा.

दुसरं टोक कुठे सोडायचं? बोटीच्या डेकवरचं पाणी आपोआप बाहेर जात असेल तर काठाच्या आतल्या बाजूने डेकवर सोडणं मला सगळ्यात पसंत आहे. बोटीच्या बाहेरच्या अंगाला नवं भोक पाडावं लागत नाही आणि पाणी येतंय की नाही ते डोळ्यांना दिसतं. बाहेरच सोडायचं असेल तर तोंड पाण्याच्या रेषेच्या बरंच वर असू द्या. सगळी माणसं एका बाजूला उभी राहिली आणि इंधनाची टाकी भरलेली असली तरीही ते वरच राहायला हवं. तोंड पाण्याखाली गेलं आणि आतली नळी निसटलेली असली तर बोटीत पाणी भरू शकतं. दोन होल्डर एकाच नळीला जोडायचा मोह होतो, पण पुढे गाळ अडकला की दोन्ही तुंबतात. दोन्ही टोकांना स्टेनलेसचे क्लॅम्प लावा.

आता टोपण

टोपण घट्ट बसणारं आणि दोरीने बांधलेलं असावं. बोट उभी असताना आणि धुताना ते लावा, पण धुवून झाल्यावर थोडा वेळ काढून नळी सुकू द्या. स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर ऑक्सिजनवर टिकतो. टोपणाखाली खारं पाणी कोंडून राहिलं की तिथेच बारीक खड्डे पडायला लागतात. निचरा नसलेल्या बंद नळीत पावसाचं गोडं पाणी साचलं तर डासांची पैदासही होते. होल्डरच्या आतला मऊ रबरी अस्तराचा तुकडा अधूनमधून बाहेर काढून त्याच्यामागचं मीठ गोड्या पाण्याने धुवा. थंड प्रदेशात बोट हिवाळ्यात उभी राहणार असेल तर नळ्या पूर्ण रिकाम्या करा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि तेवढ्याने प्लॅस्टिकची नळी फाटते.

बोटीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि होल्डर स्टेनलेसचा असेल तर दोन्ही धातू एकमेकांना टेकू देऊ नका. मध्ये नायलॉनची किंवा रबराची चकती आणि बोल्टांना खास त्यासाठीचं विलगीकरण करणारं ग्रीस लावा, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. छताच्या सांगाड्यावर वेल्डिंग केलेल्या नळ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांतलं पाणी सांगाड्याच्या पाइपात उतरून आतल्या वायरींपर्यंत जाऊ शकतं. अशा नळीच्या तळाशी निचऱ्याचं भोक आहे का ते पाहा, असलं तर तारेने मोकळं करा. नसलं तर नळीच्या बाजूच्या भिंतीत, वेल्डच्या लगेच वर, 6 मिमीचं भोक पाडा, सांगाड्याच्या पाइपात मात्र ड्रिल जाऊ देऊ नका. मग वरून ग्लासभर पाणी ओता आणि ते सगळं त्या भोकातून डेकवर पडतंय ना, ते बघा.