थंडीत कामगंध सापळा रिकामा दिसला, तरी हरभरा वाऱ्यावर सोडू नका

निफाड, सिन्नर, येवला भागात पारा एक आकडी झाला की हरभऱ्यातल्या कामगंध सापळ्यांत (मादीच्या वासाने नराला ओढणारे सापळे) घाटे पोखरणाऱ्या अळीचे पतंग पडणे जवळजवळ थांबते. "यंदा घाटे अळी नाही" म्हणत बरेच जण मग सापळ्याकडे फिरकत नाहीत. मला काळजी वाटते ती याचीच.

पतंगाला आपल्यासारखी अंगची कायमची ऊब नसते. हवा गार तर तोही गार. मादी रात्री गंध सोडते, नर त्या वासावर वाऱ्याच्या उलट दिशेने उडत येतो; पण उडायला छातीचे स्नायू आधी तापावे लागतात. रात्री बॅटरी घेऊन वावरात जा. पानावर बसलेला पतंग जागच्या जागी पंख थरथरवताना दिसेल. तो अंग तापवत असतो. कडाक्याच्या गारठ्यात तेवढी ऊब येत नाही, नर उडत नाही आणि मिलन लांबते. त्यात ल्यूरचा, म्हणजे सापळ्यातल्या वासाच्या गोळीचा गंधही थंडीत कमी पसरतो. कीड संपलेली नसते, खोळंबलेली असते.

आभाळ आले, दोन-तीन रात्री उबदार गेल्या की खोळंबलेली मिलने एकदम होतात. मादी कोवळ्या शेंड्यांवर, फुलांवर खसखशीएवढी पिवळसर अंडी सुटी सुटी घालते. उबेत 3-4 दिवसांत अळी बाहेर पडते. आपल्या हातात तेवढेच दिवस. घाट्यात डोके खुपसलेल्या अळीवर फवारा नीट बसत नाही.

हेक्टरी 5 सापळे, पिकाच्या फूटभर वर लावा. रोज सकाळी पतंग मोजा आणि वहीत त्या आकड्याशेजारी रात्रीचे किमान तापमान लिहा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद पेपरात येतेच. सलग 2-3 रात्री सापळ्यामागे 8-10 पतंग आले, तर 5 टक्के निंबोळी अर्क (100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळी पावडर) संध्याकाळी फवारा. ल्यूर 3-4 आठवड्यांनी बदला, तंबाखूच्या हाताने धरू नका, जुनी बांधावर टाकू नका. टोमॅटोत फळ पोखरते ती हीच अळी, तेव्हा तिथेही सापळे हवेतच.

थंडी मोडली त्या सकाळी मात्र सापळ्यावर विसंबू नका. चार-पाच ठिकाणी खाली बसून मीटरभर ओळीतले शेंडे हाताने उलटून पाहा.