शॅमेलिऑनचं पिल्लू पाळताय? या चुका टाळा

माझ्याकडे पहिलं पिल्लू आलं तेव्हा ते शेपटीसकट माझ्या तर्जनीएवढं होतं. मी हौसेनं त्याच्या पिंजऱ्यात पाण्याची छोटीशी वाटी ठेवली, रोज घासून, रोज ताजं पाणी भरून. चार दिवसांनी त्याच्या विष्ठेसोबत येणारा पांढरा भाग नारिंगी झाला, डोळे आत गेल्यासारखे दिसायला लागले, आणि तेव्हा कुठे कळलं की वाटीतलं साचलेलं पाणी हे पाणी आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता. पिल्लू भरल्या वाटीशेजारी तहानेलं बसलं होतं.

शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा, आपल्याकडे त्याच्या भावकीला घोयरा म्हणतात) पाळताना बहुतेक चुका अशाच होतात. त्यात निष्काळजीपणा नसतो, उलट काळजीच जास्त असते, फक्त ती कुत्र्या-मांजराच्या हिशेबानं घेतलेली असते. त्यात हा प्राणी आजार लपवण्यात पटाईत. आपल्याला तो आजारी दिसतो, तोवर चूक होऊन कित्येक आठवडे उलटलेले असतात.

पाणी: वाटी नको, थेंब हवेत

शॅमेलिऑन पानांवरचे थेंब पितो. सकाळी दिवे लागायच्या आधी दोन-तीन मिनिटं बारीक फवारा मारा आणि संध्याकाळी दिवे मालवताना पुन्हा एकदा. नंतर बाजूला व्हा. नवं पिल्लू माणूस समोर उभा असताना पीत नाही. लांबून बघा: ते मान वर करतं, पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबाला जिभेचं टोक टेकवतं, मग घसा हळूहळू वरखाली होतो. एका थेंबावर कधी कधी मिनिटभर जातं. दिवसा जास्तीचं पाणी द्यायचं असेल तर प्लास्टिकच्या पेल्याला बुडाशी टाचणीनं भोक पाडून तो पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवा. थेंब खालच्या पानावर पडायला हवेत आणि सांडलेलं पाणी धरायला तळाशी भांडं हवं. सिरिंजनं तोंडात पाणी सोडू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

विष्ठेसोबतचा युरेटचा भाग (लघवीऐवजी येणारा घट्ट भाग) पांढरा असेल तर पाणी पुरतंय. पिवळी कड चालून जाते, पूर्ण नारिंगी असेल तर मात्र पाणी कमी पडतंय.

हे कळलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. दिवसातून आठ वेळा फवारे, वर फॉगर (धुकं सोडणारं यंत्र), आणि पिंजरा कायम ओलाचिंब. तेही धोक्याचंच. गरम, दमट आणि कोंडलेल्या हवेत फुप्फुसांचा संसर्ग होतो. दोन फवाऱ्यांच्या मधे पानं पूर्ण कोरडी झाली पाहिजेत. व्हेल्ड आणि पँथर या दोन जातींसाठी दिवसा ४० ते ५० टक्के आर्द्रता पुरते. रात्री हवा थंड झाल्यावर ती ८० टक्क्यांच्या वर गेली तरी चालते. फॉगर लावायचाच असेल तर तो रात्री, दिवसाच्या उष्णतेत नाही.

खिडकीतलं ऊन पुरत नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबतो. ‘पिंजरा खिडकीशी ठेवलाय, भरपूर ऊन येतं,’ असं लोक अगदी निश्चिंतपणे सांगतात. पण काच यूव्हीबी किरण (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) अडवते. तावदानामागच्या उन्हात उजेड असतो, ऊब असते, फक्त जे पाहिजे तेच नसतं. यूव्हीबी नाही तर कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतं. पिल्लू भराभर वाढत असतं, त्यामुळे मोठ्या प्राण्यापेक्षा ते लवकर खचतं.

याची पहिली खूण पटकन लक्षात येत नाही. फांदीवरची पकड सैल होते. निरोगी पिल्लाची बोटं, दोन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला, फांदीला चिमट्यासारखी आवळलेली असतात. पकड सुटायला लागली की पिल्लू चालताना थरथरतं, हाताच्या हाडाला कोपराजवळ बाक येतो, जबडा मऊ पडतो, जीभ किड्यापर्यंत पोचत नाही. बाक आला की तो पूर्ण सरळ होत नाही. उपचारांनी आजार थांबतो, वाकलेलं हाड तसंच राहतं.

यावर उपाय म्हणजे सरळ लांब नळीचा यूव्हीबी दिवा, टी-५ प्रकारचा, ५ किंवा ६ टक्के ताकदीचा. पिळदार छोटे बल्ब टाळा, त्यांचा झोत लहानशा जागेपुरताच पडतो. नळी जाळीवर ठेवा आणि ऊन खाण्याची फांदी तिच्याखाली साधारण २० ते २५ से.मी. वर बांधा. मधे काच किंवा प्लास्टिक येऊ देऊ नका. आणखी एक फसगत म्हणजे नळी डोळ्यांना लख्ख दिसत असते, पण तिच्यातली यूव्हीबी केव्हाच ओसरलेली असते. म्हणून ती साधारण वर्षभरानं बदलावी लागते. मी नळीच्या पट्टीवरच बसवल्याची तारीख मार्करनं लिहून ठेवतो.

दिवे बारा तास चालू, बारा तास बंद. टायमर लावा, आपल्या आठवणीवर हे सोडू नका. रात्री लाल-निळे बल्बही नकोत, त्याला ठार अंधार लागतो.

ऊब द्या, पण भाजू नका

पिल्लाचं अंग एवढंसं, ते मिनिटांत तापतं आणि मिनिटांत सुकतं. मोठ्या व्हेल्ड नराला ३० ते ३२ अंश सेल्सियसची जागा आवडते, पिल्लाला २७ ते २९ अंश पुरे. जॅक्सन ही केनिया आणि टांझानियाच्या डोंगराळ भागातली जात, तिला याहूनही गारवा हवा. बाकीचा पिंजरा साध्या खोलीच्या तापमानावर राहू द्या, म्हणजे नको वाटलं तर त्याला बाजूला होता येईल. रात्री पारा उतरला तर घाबरू नका, साधारण १८ अंशांपर्यंत वेगळी ऊब लागत नाही.

भाजण्याचे प्रकार जाळीमुळे होतात. बल्ब थेट जाळीवर टेकलेला असतो, पिल्लू त्याच्याखाली उंच फांदीवर अगदी जवळ बसतं, आणि पाठ पोळत असताना त्याला ते वेळेवर जाणवत नाही. दोन दिवसांनी पाठीवर काळा किंवा राखाडी चट्टा दिसतो. बल्ब जाळीच्या वर थोडा अधांतरी टांगा, फांदी खाली बांधा, आणि तापमान हाताच्या अंदाजानं न मोजता फांदीवर ठेवलेल्या डिजिटल थर्मामीटरनं मोजा.

सकाळी पिल्लू काळपट दिसलं आणि अंग पोळीसारखं चपटं करून एक कूस दिव्याकडे धरून बसलं, तर ते आजारी नाही, ऊब घेतंय. अर्ध्या तासात उजळायला हवं. दुपारीही काळंच राहिलं तर मात्र काहीतरी बिनसलंय.

रंगावरून आठवलं. लाल कापडावर ठेवून ‘आता लाल होईल’ म्हणून वाट बघणारे पाहुणे प्रत्येकाकडे येतात. तो आसपासचा रंग बघून बदलत नाही. ताण, ऊब, राग, माजाचा काळ यांवर त्याचा रंग ठरतो. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिलं की त्याच्या कातडीतल्या पेशींत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि त्यांच्यातलं अंतर वाढलं-घटलं की परावर्तित होणारा रंग बदलतो. कापडाच्या खेळात पिल्लाला मिळतो तो निव्वळ ताण.

खाणं: किडा केवढा आणि त्यानं काय खाल्लंय

किड्याची रुंदी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. अगदी लहान असताना फळमाश्या आणि टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे, मग हळूहळू मोठे. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला दहा-बारा बारके किडे लागतात. सहा महिन्यांनंतर हे प्रमाण उतरवत न्यायचं. लहानपणी भूक मोठी असते म्हणून पुढेही तसंच खायला घातलं, तर प्राणी लठ्ठ होतो आणि मादीच्या बाबतीत अंड्यांची संख्या वाढते.

रातकिडे उपाशी असतील तर पिल्लाच्या पोटात नुसती टरफलं जातात. किड्यांना आदल्या दिवशी हिरव्या पालेभाज्या, गाजर, रताळं खाऊ घाला. देताना डी-३ नसलेल्या कॅल्शियमची पूड अगदी हलकी भुरभुरा. पिठात घोळवलेल्या भज्यासारखा किडा दिसला तर तुम्ही जास्त टाकलीय. डी-३ आणि अ जीवनसत्त्व असलेली पूड महिन्यातून दोनदा पुरते. ही दोन्ही शरीरात साठतात, म्हणून ‘जास्त दिलं तर जास्त चांगलं’ हा हिशेब इथे उलटतो.

संध्याकाळी उरलेले रातकिडे मोजून काढून घ्या. रात्री ते झोपलेल्या पिल्लाला कुरतडतात. मेणकिड्यांच्या अळ्या म्हणजे मिठाई, एकदा चटक लागली की बाकीचं खाणं बंद. बागेतले किडे नकोत, त्यांच्यावर फवारणी झालेली असू शकते. काजवे तर कधीच देऊ नका. काही काजव्यांच्या अंगात असं विष असतं की एका काजव्यानंही सरडा मरू शकतो.

पिंजरा

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. शॅमेलिऑनची धाव मात्र वर असते. लांबीपेक्षा उंची महत्त्वाची. मोठ्या व्हेल्डला किंवा पँथरला ६० बाय ६० बाय १२० से.मी. जाळीचा पिंजरा लागतो. पिल्लू तेवढ्या जागेत हरवेल, किडे सापडणार नाहीत, ही शंका रास्त आहे. त्यावर तोडगा म्हणजे फांदीशी अडकवलेला उभ्या भिंतींचा प्लास्टिकचा डबा, ज्यातून किडे बाहेर पडत नाहीत आणि पिल्लाला एक ठरलेली जागा कळते.

पिंजरा जमिनीवर ठेवू नका. वरून येणारी प्रत्येक गोष्ट त्याला शिकारी पक्षी वाटते. टेबलावर ठेवा, त्याची वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर जाऊ द्या. आत नुसत्या चार काठ्या रोवून भागत नाही. आडव्या-तिरक्या, वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या आणि लपता येईल अशी दाट खरी पानं हवीत. मनी प्लांट किंवा जास्वंद चांगली. व्हेल्ड पानं खातो, त्यामुळे झाड बिनविषारी आणि धुतलेलं असलं पाहिजे. तळ मोकळा ठेवा. भुसा किंवा खडे जिभेला चिकटून पोटात जातात.

एका पिंजऱ्यात दोन पिल्लं नकोत, भावंडं असली तरी नकोत. भांडण दिसणार नाही, एवढंच दिसेल की एक वर बसतं आणि दुसरं खाली राहून वाळत जातं. आरसाही समोर नको.

हाताळणं आणि मादीची गोष्ट

पिल्लू आणलं की पहिले दोन आठवडे पिंजऱ्यात हात फक्त खाणं-पाणी-सफाईपुरता. नंतरही वरून उचलू नका. तळहात त्याच्या समोर, छातीच्या खाली धरा आणि वाट बघा. चढलं तर चढलं. मान फुगवून, तोंड वासून, झुलत झुलत फिस्स करत असेल तर ते ‘नको’ म्हणतंय. काही शॅमेलिऑन आयुष्यभर हातावर येत नाहीत. ज्याला कुशीत घ्यायला प्राणी हवाय त्यानं दुसरं काहीतरी पाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हेल्डचं पिल्लू नर की मादी हे जन्मापासून कळतं: नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर बारीक टोक असतं, मादीला नसतं. हे आधीच बघून घ्या, कारण मादी नराशिवायही अंडी घालते, कधी कधी पाच-सहा महिन्यांचीच असताना. त्या वेळी खणायला ओलसर वाळू-मातीचा साधारण ३० से.मी. खोल डबा नसेल, तर अंडी पोटात अडकून ती दगावू शकते.

आणखी एक गोष्ट आणण्याआधीच बघायची. रानातून पकडलेलं पिल्लू घेऊ नका. त्यात परजीवी हमखास असतात, आणि व्हेल्ड-पँथर दोघेही साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. पाळण्याबद्दल तुमच्या भागातला कायदा काय म्हणतो तेही विचारून घ्या. पिंजऱ्यात जन्मलेलं, तीन महिन्यांपेक्षा मोठं पिल्लू घ्या.

काहीतरी बिघडलंय असं वाटलं तर

खात नाही? आधी कात टाकतंय का बघा. त्या एक-दोन दिवसांत भूक मंदावते. कात ओढून काढू नका. नवीन घरी आल्यावरचे दोन-तीन दिवसही तसेच. त्यानंतरही खात नसेल तर तापमान मोजा. अंग थंड असेल तर अन्न पचत नाही.

तोंड उघडं आहे? दिव्याखाली असेल तर उकडतंय, दिवा वर घ्या. सावलीतही उघडं असेल, नाक वर करून श्वास घेत असेल, टकटक आवाज येत असेल, तर फुप्फुसांचा संसर्ग समजा. डोळे सुजले असतील तर अ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा संसर्ग असू शकतो.

दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन मात्र आजारी असतो. निदान तसं समजूनच चला. ‘दमलाय, झोपू दे’ म्हणत घालवलेले दोन दिवस पिल्लासाठी फार होतात. त्याच दिवशी सरीसृपांचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. जाताना डबीत ताजी विष्ठा, आठवड्याला वजन लिहिलेली वही, पिंजऱ्याचा फोटो आणि यूव्हीबी नळीचं खोकं सोबत न्या. डॉक्टर सगळ्यात आधी नळीबद्दलच विचारतील.