थंडरबर्डमध्ये कूटबद्ध ईमेल कशी सुरू करावी

थंडरबर्ड या मुक्तस्रोत ईमेल सॉफ्टवेअरमध्ये 2020 सालच्या 78व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी, म्हणजे फक्त घेणाऱ्यालाच वाचता येईल अशा रीतीने ईमेल झाकण्याची (कूटबद्ध करण्याची) पद्धत, अंगभूत आहे; त्यापूर्वी एनिग्मेल हे वेगळे ॲड-ऑन बसवावे लागत असे. 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये आपल्या खात्याखालील 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' उघडून 'ॲड की' दाबावे आणि नवी किल्ली तयार करावी. 3 वर्षांची मुदत आपोआप सुचवली जाते. ती तशीच ठेवावी, नंतर वाढवता येते.

किल्ल्यांची जोडी तयार होते: सार्वजनिक किल्लीने इतर जण आपल्यासाठीचे पत्र कूटबद्ध करतात आणि खासगी किल्लीने आपण ते उघडतो. त्यातील सार्वजनिक किल्ली कुणालाही द्यावी, खासगी किल्ली मात्र कुणालाच देऊ नये. खासगी किल्ली हरवली, तर तिच्यावाचून न उघडणारी जुनी पत्रे आपल्यालाही पुन्हा वाचता येत नाहीत. म्हणून 'ओपनपीजीपी की मॅनेजर'मधून तिची प्रत त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्यावी आणि सेटिंग्जमध्ये किल्लीचे रक्षण करणारा 'प्रायमरी पासवर्ड'ही ठेवावा.

समोरच्याची सार्वजनिक किल्ली आली की ती स्वीकारण्याची घाई करू नये. तिचा 40 अक्षरांचा 'फिंगरप्रिंट', म्हणजे त्या किल्लीची ओळखखूण, पडद्यावर दिसतो. त्या व्यक्तीला फोन लावून चार-चार अक्षरे मोठ्याने वाचून ताडून घ्यावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण किल्लीच तोतयाची असेल, तर आपले पत्र नेमके त्यालाच वाचता येते.

पत्र लिहिताना 'एन्क्रिप्ट' दाबावे. मजकूर आणि जोडलेल्या फायली झाकल्या जातात. पाठवणारा, घेणारा आणि वेळ मात्र उघडेच राहतात.