अर्ली डिसिजनच्या सहीआधी

न्यू जर्सीत नव्याने आला असाल आणि मूल बारावीत जाणार असेल, तर सप्टेंबरपासून प्रत्येक पॉटलकला एकच विषय ऐकाल: ईडी करायचं का?

ईडी, अर्थात अर्ली डिसिजन, म्हणजे बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरपर्यंत एकाच कॉलेजला बांधून घेणारा अर्ज, डिसेंबरच्या मध्यावर निकाल, आणि घेतलं तर बाकीचे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं. करारावर मुलाची, पालकाची आणि शाळेच्या काउन्सेलरची सही. थोडक्यात, याद्या होण्याआधीच साखरपुडा. इतर मुलं १ मेपर्यंत चार ऑफर शेजारीशेजारी ठेवून बघतात. आपल्यापुढे एकच आकडा: आर्थिक मदत वजा जाता भरायचा खर्च.

आमच्या लेकीच्या वेळी मी म्हटलं, बघू आल्यावर. आकडा आला आणि मी गारच पडलो. नडला कोथरूडचा फ्लॅट! राहतं घर फाफ्सात, म्हणजे फेडरल (केंद्र सरकारच्या) मदतीच्या अर्जात, धरत नाहीत, दुसरी मालमत्ता धरतात, मग ती भारतात का असेना. कॉलेजांच्या साइटवर मदत वजा जाता अंदाजे किती भरावं लागेल ते सांगणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो मी उघडलाही नव्हता. तुम्ही ऑगस्टमध्येच भरा.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असाल तर तो कॅल्क्युलेटरही फारसा कामाचा नाही. फेडरल मदत मिळत नाही. बरीच खासगी कॉलेजं आपल्या मुलांना परदेशी धरतात, पहिलीपासून इथे शिकलेली असली तरी. अनेक ठिकाणी मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होतो. अर्जात मागितली नाही, तर नंतर बहुधा मागताच येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी परदेशी मुलांचीही ऐपत प्रवेशाच्या वेळी बघत नाहीत, शिवाय त्यांची अर्ली फेरी बांधून घेणारी नाही.

कॉलेजं काही साधुसंत नाहीत. काही जण निम्मा वर्ग ईडीतच भरतात, म्हणजे पैशाची फिकीर नसलेल्यांचंच फावतं. हार्वर्ड-प्रिन्स्टननी याच कारणाने २००६ मध्ये अर्ली फेरी बंद करायचं ठरवलं. २०११ मध्ये परत आणली.

मदतीचा अर्ज केला होता आणि मिळालेली मदत पुरत नाही, तर करारातून सुटता येतं. पण मनात दुसरं कॉलेज ठेवून ही वाट वापरू नका. कोर्टात कोणी खेचणार नाही, पण शाळेचा शब्द जातो आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना ते भोवू शकतं.

आम्ही आधी फेरविचार मागितला. थोडं कमी झालं, पुरेसं नाही. मग सोडलं. काउन्सेलरना सगळे आकडे मी स्वतः जाऊन दाखवले. लेक रट्गर्सला, न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, गेली, राज्यातल्या मुलांच्या इन-स्टेट फीवर.