आजोबांचा कॅमेरा कोणता होता? नाव विचारू नका, हात बघा

कॅमेरा घरात असेल तर लेन्सभोवतीचं नाव वाचा आणि मोकळे व्हा. पंचाईत आमच्यासारख्यांची. सांगलीच्या २००५ च्या पुरात आजोबांचा कॅमेरा गेला. उरल्या त्या हरिपूरच्या काकांच्या आठवणी.

आधी जुनी निगेटिव्ह शोधून पट्टीने मोजा. कडांना भोकं असली तर पस्तीस एमएम. भोकं नाहीत आणि साधारण ५६ मिलिमीटरचा चौरस भरला तर १२० किंवा ६२० चा रोल, बारा फोटोंचा.

आता माणसाला बोलतं करायचं, आणि इथेच मी तोंडावर आपटलो. "काका, यासिका होता का?" "हो हो, यासिकाच." पुढच्या रविवारी विचारलं, "रोलीफ्लेक्स?" तर तोही होच! काका खोटं बोलत नव्हते, मीच नाव तोंडात देत होतो. "ब्रँड आठवतोय का विचारा" हा सल्ला देणाऱ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी कधी गप्पा मारल्या नसाव्यात. "कोडॅक होता" यावरही विसंबू नका. पुष्कळदा ती रोलच्या पिवळ्या खोक्याची आठवण असते.

त्यापेक्षा हातात चहाचा रिकामा चौकोनी डबा द्या, म्हणा, "आजोबा कसा काढायचे, दाखवा." आणि गप्प बसा. डबा डोळ्याला लावला तर आग्फा क्लिक थ्रीसारखा साधा कॅमेरा असू शकतो. पुढचं काही ओढून बाहेर काढल्याची खूण केली तर भात्याचा. काकांनी डबा पोटाशी धरला आणि मान खाली घातली. वरून चित्र बघायची काच नखाएवढी असती तर साधा बॉक्स कॅमेरा. त्यांनी बोटांनी दाखवली ती काडेपेटीहून मोठी. म्हणजे एकावर एक दोन लेन्सचा. मग रोल पुढे सरकवायला उजव्या हाताने हवेत दांडा फिरवला, पिठाच्या जात्यासारखा. चिमटीने गोल बटण पिळलं असतं तर यासिका-डी किंवा रोलीकॉर्ड. दांडा म्हणजे यासिका-मॅट, रोलीफ्लेक्स नाहीतर मिनोल्टा ऑटोकॉर्ड.

शेवटी फोटोची पाठ बघा. आमच्या एका बारशाच्या फोटोमागे पेन्सिलीने १९५६ निघालं. यासिका-मॅट आला १९५७ ला, तो बाद. उरलेल्या दोघांत फरक डाव्या हाताचा: रोलीफ्लेक्सचं फोकसचं बटण डाव्या बाजूला, ऑटोकॉर्डची फोकसची दांडी पुढे लेन्सखाली, आडवी सरकवायची. काकांचा डावा हात काय करत होता, ते मी बघितलंच नाही. तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ घ्या. मी येत्या रविवारी डबा घेऊन पुन्हा हरिपूरला.